जांभळ्या बशा

मधूचा मला हेवा वाटायचा, हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तीन आठवड्यांपूर्वी बेसिंगस्टोकहून शैलावहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." तेव्हा रडू फुटण्याआधी क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघं इंग्लंडात लीड्सच्या एका लॅबमध्ये विषाणूंवर काम करत होतो. ज्यांना माझं नाव धड उच्चारता येत नसे, तेच लोक मधूला हाताला धरून पबमध्ये न्यायचे. एकदा त्याने चिनी दुकानातून औषधी मुळं आणली. बाकीचे अर्क काढायचे अल्कोहोलमध्ये. हा म्हणाला, "अरे सदा, चिनी आज्जी काय अल्कोहोल वापरते? काढाच करत असणार ना!" आणि चक्क पाण्यात उकळली. ओठावर फोड आणणारा विषाणू प्रयोगाच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या थराला भोकं पाडतो. रंग दिला की जांभळ्या बशीत पांढरे ठिपके मोजता येतात. काढा घातलेल्या बशा अखंड जांभळ्या निघाल्या, म्हणजे विषाणू अडला होता. "चहात असतं ते टॅनिन असेल, त्यानेसुद्धा होतं तसं," मी म्हणालो. त्याने टॅनिन काढून प्रयोग पुन्हा केला, कोणत्या बशीत काढा आहे ते कळू नये म्हणून बशांवरच्या खुणा झाकल्या आणि मोजायला मलाच बोलावलं. "तुझ्याइतका खडूस इथे दुसरा नाही. तू हो म्हणालास की झालं!"

मी मोजल्यावर खुणा उघडल्या. काढ्याच्या बशांत एकही ठिपका नव्हता. त्या जांभळ्या रंगाकडे मी बघत बसलो... का मला सुचलं नाही हे?

मीटिंगमध्ये प्रोफेसरांनी त्याला विचारलं, "तुझ्याखेरीज कोणी पाहिलंय?"

"सदाने."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "पाहिलं, पण खात्रीने नाही सांगता येणार."

काम तिथेच थांबलं. बाहेर मधू एवढंच म्हणाला, "चष्मा बदल, लेका." पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो बेसिंगस्टोकला कम्प्युटरच्या नोकरीत गेला. नंतर दुसऱ्या लॅबमधून अशाच मुळांवर पेपर यायला लागले, तेव्हा फोनवर ओरडला, "बघ, कोणाला तरी दिसलं!" त्याच्या त्या आनंदाचाही मला हेवा वाटला.

अंत्यविधीनंतर वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, यांचं तेव्हा चुकलं होतं का हो? शेवटपर्यंत म्हणायचे, सदाला दिसलं नसेल."

"फार वर्षं झाली, वहिनी," मी म्हणालो.

चुकलं नव्हतं. मला स्पष्ट दिसलं होतं. मी लिहिलेलं हे वहिनींनी वर्तमानपत्रात वाचण्याआधी, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडावर हे सांगायचं देणं मी अजून लागतो.