सापगावच्या मांडवात पियानो

गेल्या रविवारी निघालो होतो मुरबाडला, पोचलो सापगावला. माझं असंच असतं... शहापूरच्या नाक्यावर नितेश भेटला, टेम्पोत साउंड भरत होता, म्हणाला चल, एक हात लागेल. मुरबाडला काय काम होतं ते आता मलाही आठवत नाही.

कार्यक्रम नुकत्याच वारलेल्या बबनकाकांच्या पुण्यानुमोदनाचा होता. काका मुंबईत एका मोठ्या सभागृहात दारावर ड्युटीला होते. आत पियानो सुरू झाला की दार लावून बाहेर उभं राहायचं. तिथे फटीतून जेवढं येईल तेवढं ऐकून ते एका परदेशी वादकाच्या पार प्रेमात पडले... खूप मोठा माणूस म्हणे, जगभर नाव. आधी त्याच्या कॅसेट आणल्या, मग मुलीने सगळं पेनड्राइव्हवर भरून दिलं.

गावात चिडवायचे. बबनचा गोरा पेटीवाला उठला का रे आज, असं.

आम्ही माइक लावत होतो तेव्हा काकी पेनड्राइव्ह घेऊन आल्या. यातलं त्यांचं आवडतं एक लावा, पण पूर्ण लावा, एवढंच म्हणणं. घरात ते कधी पूर्ण झालंच नाही म्हणाल्या... कधी नळाला पाणी आलं, कधी पाहुणे. आणि कोणी हसलं की काका स्वतःच बंद करायचे.

काकांचे थोरले भाऊ अण्णा तयार नव्हते. दुःखाच्या कार्यक्रमात हे असलं लावलं तर लोक हसतील. राग नव्हता त्यांना... निदान आता तरी भावाला कोणी हसू नये, एवढंच वाटत होतं. शेवटी म्हणाले, "दोन मिन्टं लाव. मी हात केला का बंद."

बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, चार जण काकांविषयी बोलले. मग नितेशने पियानो लावला.

मागे कोणीतरी खुसखुसलं. अण्णांनी मान खाली घातली. काय वाजत होतं ते मला सांगता येणार नाही... एक सूर लावायचा, तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाईच नाही.

आणि मग पियानो थांबला. एकदम शांत. अण्णांचा हात वर.

पुढे बसलेल्या एका आजींना वाटलं, झालं. गाथा संपल्यावर म्हणतात तसे हात जोडून त्या म्हणाल्या, "साधू... साधू... साधू." त्यांच्या मागून अख्खा मांडव.

पण संपलं कुठे होतं? पुढचा भाग सुरू झाला, चांगला जोरात. जोडलेले हात आता खाली घ्यायचे कसे... सगळे तसेच बसून राहिले.

अण्णांचा हात अजून हवेतच. नितेश बटणावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघतोय. अण्णांनी मांडवभर नजर फिरवली. कोणी हसत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे रे," ते म्हणाले. "पुरं होऊ दे बबनचं." आणि त्यांनीही हात जोडले.

शेवटी रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या सुरू झाल्या. मांडवात टाळ्या... कसंतरीच वाटलं, नितेश बंद करायला वाकला. काकी म्हणाल्या, "थांब ना. मी पुरं सांगितलेलं नाय?"

मग त्या टाळ्याही आम्ही हात जोडून ऐकल्या, शेवटची थांबेपर्यंत. मला इतका वेळ एका जागी आजवर कोणी बसवलं नव्हतं. थँक्यू काकी.