आखूड पट्टी

ओल्या निंबाच्या भुशाचा कडवट वास आला की माझं डोकं आजही फिरतं. आमच्या साक्रीकडच्या शेतातला निंब वादळात पडला, तेव्हा वडिलांना त्यातून बंगईसाठी, म्हणजे घरातल्या झोपाळ्यासाठी, एक अखंड, रुंद फळी हवी होती. खोडाची रुंदी सुतळीनं मोजून साखळीच्या करवतीनं झाडं कापणाऱ्या मशीनवाल्याला मी बजावलं होतं, "करवतीला खोडापेक्षा लांब पट्टी लाव, साखळी बारीक." तो आला आखूड पट्टी आणि जाड साखळी घेऊन. वर म्हणतो, "दोन्ही बाजूथीन कापसू, काय फरक पडस?" काप मधे जुळलेच नाहीत, फळीवर बोटभर पायरी उरली. मी त्याच्या अंगावर धावलो. वडील म्हणाले, "सुतळी तुन्हा खिसामा व्हती, पट्टीले लाई देखी का?" काप सुरू होण्याआधी ती पट्टीला लावून मी बघितलीच नव्हती. बंगईवर झुलताना ती पायरी अजून टोचते, मी मशीनवाल्याला शिव्या घालतो, पण हात खिशाकडे जातो.