भिंतीवरची काच

शेजारच्या घराला आज चुना लागतोय. त्या ओलसर, किंचित तिखट वासाने मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून खिडकीत गेलो, आणि सवयीने त्यांच्या भिंतीत भेगा शोधू लागलो. "आत माणसंही राहतात, त्यांच्याकडे बघावं कधी," हे बायकोचं वाक्य मी इतक्या वर्षांत पाठ केलं आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत कलकत्त्यात मी वर्षभर पालिकेचा इमारत-तपासनीस होतो. खिदिरपूरच्या गोदीमागच्या गल्ल्या माझ्याकडे. हुद्दा मोठा, छत्री त्याहून मोठी, आणि मला पाहून लोकांच्या छातीत होणारी धडधड सगळ्यांत मोठी. कारण मी दारात दिसलो की घर रिकामं करावं लागतं, अशी माझी कीर्ती.

तिथल्या एका दुमजली घराच्या तळखोलीत पूर्व बंगालातून आलेलं कुटुंब होतं. म्हातारी आई, मुलगा आणि दिवस भरत आलेली सून. मागच्या भिंतीला उभी भेग. अशा भेगेवर आम्ही काचेची पट्टी आडवी चिकटवत असू. काच तडकली की भिंत सरकते आहे हे नक्की, आणि घर त्याच दिवशी रिकामं. मी हे सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबू, एक घर सोडून आलोच आहोत. आता बाळंतपण रस्त्यावर करू?" मी काच पुन्हा पुसली.

मग आठवड्याला एक फेरी. म्हातारी देवपूजा आटोपून काचेपाशीही एक तगरीचं फूल ठेवी. आमच्या खात्यात पूजा झालेली ती एकमेव वस्तू असावी. कुणी बघत नाहीसं पाहून मीही, शिकलासवरलेला माणूस, त्या काचेला हात जोडत असे.

एका रणरणत्या दुपारी म्हातारी घामाघूम होऊन कचेरीत उभी. "काच तडकली, बाबा."

मागून धावत मुलगा आला. "मा, चार दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मी बसेन रे गप्प. भिंतीला कोण बसवणार?"

संध्याकाळी त्यांचे देव, वळकट्या आणि सून घोडागाडीतून आमच्या दारात उतरले. "अहो, नोटीस द्यायला गेलात आणि बिऱ्हाडच घेऊन आलात!" बायको म्हणाली, पण म्हणता म्हणता तिने सुनेला हाताला धरून आत नेलंसुद्धा. दोनच दिवसांनी ती भिंत कोसळली, नेमकी सुनेच्या खाटेच्या जागेवर. आणि त्याच आठवड्यात आमच्या मधल्या खोलीत एक मुलगी टाहो फोडून जगात आली.

वर्षअखेरीला माझी बदली झाली. आता ती गल्ली ओळखू येत नाही, म्हातारीही हयात नाही. ज्याच्या येण्याने आपलं छप्पर जाणार, त्याच्याकडे आपल्या पायांनी उन्हातून चालत जाऊन खरं सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. तिने सून वाचवली, नात वाचवली. त्या दुपारी तिने आणखी एकाला वाचवलं, हे मात्र तिला कधी कळलं नसेल. मी अजून शांत झोपतो.