मुठीतला अंगठा

मावशीचा अंगठा मी मोकळा असा क्वचितच पाहिला. जाफराबादला तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी ती बसली की उजव्या हाताचा अंगठा मुठीत दडवी, आणि संपूर्ण अर्ज वाचून दाखवल्याखेरीज ती मूठ उघडत नसे. "आधी कानाला दे, मंग अंगठ्याला," असे तिचे म्हणणे.

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. तथापि माझ्या अर्जांच्या भाषेची वाखाणणी खुद्द वकीलमंडळींनी केलेली आहे, हे नमूद करणे उचित वाटते. 'वाचून दाखविले, मान्य आहे' असे आम्ही अर्जनवीस प्रत्येक अर्जाखाली लिहितोच. प्रत्यक्षात वाचतो कोण? शाईची डबी दिसताच लोक अंगठा पुढे करतात. मावशी मात्र डोळे मिटून ऐके आणि माझाच अर्ज तिच्या शब्दांत मला परत सांगे. एकदा मध्येच म्हणाली, "हा 'उपरोक्त' कोण रे? आमच्या गावचा तर न्हाई."

ती विधवा होती. बांधाच्या वादावरून धाकट्या दिराने तिच्या शेताची एकमेव वाट काट्या टाकून बंद केली, तेव्हा वेचलेला कापूस गाडीने बाहेर काढण्यासही मार्ग उरला नाही. मी कसून अर्ज लिहिला आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्यात एक वाक्य घातले: 'सामनेवाल्याने शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली.'

मावशीने डोळे उघडले. "मारतो म्हणून कधी म्हणला तो?"

"असं लिहावंच लागतं, मावशी. त्याबिगर साहेब कागदाकडं पाहत न्हाई."

"माझा मालक गेला तव्हा त्यानंच पेरणी करून दिल्ती. ते लिही. अन् आता वाट अडवली, ते लिही."

"मंग वाट मिळायची न्हाई."

"न मिळू दे. आठ वर्गं शिकला, अन् खोटं बराबर कुठं बसवायचं तेवढंच शिकला काय?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. मी रागाने कागद फाडला आणि नवा लिहिला. तेव्हा मूठ उघडली.

अर्ज पडून राहिला. त्या हंगामात मावशीने कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन, ओढ्यातून वळसा घालून बाहेर काढली. पुढे सुनावणीला दीर धमकीचा आरोप गृहीत धरून, इन्कार करण्याच्या तयारीने आला. पेरणीचे वाक्य वाचले गेले, तेव्हा त्याने मान खाली घातली. तारीख पुढे पडली. त्या तारखेआधीच मावशी तापाने गेली.

तेराव्यानंतर दीर माझ्या टेबलाशी आला. गडी पदवीधर आहे. म्हणाला, "वहिनीच्या लेकीला वाट कायमची सोडतो. संमतीपत्र लिहा."

मी लिहिले आणि सहीसाठी पेन पुढे केले. त्याने ते घेतले नाही. हात मांडीवर ठेवूनच म्हणाला, "आधी वाचून दाखवा."

मी सावकाश वाचू लागलो. दुसऱ्या ओळीत 'उपरोक्त मयत' आले. तेथे थांबलो, ते शब्द खोडले आणि मावशीचे नाव लिहिले.