ताटाच्या कडेला सारलेला तुकडा

त्या सोमवारी मी महाकालला गेले नाही. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हापासून सोमवार चुकवल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीपाशी उभी राहून मनातल्या मनात देवाला सरळ सांगून टाकलं, मी येऊन येऊन थकले, आता तुझं तू बघ. भीती कसली ती वाटली नाही, इतकी चिडले होते. ह्यांना लकवा मारला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि आता हे जेवत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, गिळायला काही अडचण नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल. एकदा नळी घातली की हे काही परत उठायचे नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

घरून मऊ पोळीचे तुकडे आणि पातळ वरण आणायची. ताट पुढे ठेवलं की हे डाव्या हाताने एक तुकडा उचलून ताटाच्या कडेला सारायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मी तो तुकडा उचलून वरणात टाकायची, की हे ओठ घट्ट मिटून तोंड फिरवून घ्यायचे. मला वाटायचं, अन्न ढकलताहेत, जगायचंच नाहीये ह्यांना. मी रडायची, रागवायची, शपथा घालायची. उपयोग शून्य.

हा माणूस असा नव्हता हो. बँकेतली नोकरी, पण जीव सगळा खाण्यात आणि खिलवण्यात. ह्यांच्या कितीतरी पिढ्या इथल्याच, मी साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्याच रविवारी स्कूटरवरून मला भैरवगढला काळभैरवाच्या दर्शनाला नेलं, येताना छपाईची चादर घेऊन दिली आणि टावर चौकात पोहे-जिलबी खायला घातली. पोह्यांबरोबर जिलबी बघून मी हसले, तर म्हणाले, “आता इकडची झालीस, आदत पडेल.” त्याच संध्याकाळी, पानं वाढलेली असताना हे शेवटची पोळी घेऊन फाटकाशी गेले. तिथल्या कुत्र्याला ती घातली, हात धुतले आणि मग पाटावर बसले. पुढे रोज तेच. “बायको उपाशी राहिली तरी चालेल, कुत्रं नको,” असं मी चिडवायची. हे शांतपणे म्हणायचे, “भैरवबाबांची सवारी आहे ती, त्यांचं वाहन. आधी त्याचं, मग आपलं.” पावसात तर स्वतः भिजत कुत्र्यावर छत्री धरून उभे राहायचे. आमच्या माधव नगरात सगळी गल्ली हसायची. मी सोवळ्यातली, कुत्र्याला उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही, पण ती शेवटची पोळी मात्र मी जरा मोठी लाटायची. ते ह्यांना कधी सांगितलं नाही.

तर त्या सोमवारी दुपारी ताट तसंच पडलेलं असताना नर्स म्हणाली, एक दीदी शिकवलेला कुत्रा घेऊन वॉर्डात येतात, मरीजांना बरं वाटतं. मी म्हटलं, “हमारे यहाँ मत लाना.” तोवर तो दारात आलाही होता. बदामी रंगाचा, वयस्कर, शेरू नावाचा. दीदी मागे ओढत होत्या, पण ह्यांचा डावा हात उठलेला बघून त्या थांबल्या. शेरू हळूच आला आणि त्याने गादीच्या कडेला हनुवटी टेकली. ह्यांनी ताटाच्या कडेचा तो तुकडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. तो घेईना, दीदींकडे बघू लागला. दीदींनी नर्सला विचारलं, मग म्हणाल्या, “ले ले बेटा, बाबूजी खिला रहे हैं.” शेरूने तुकडा अलगद घेतला. आणि ह्यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं.

अगं बाई, एवढंच होतं का ते! इतके दिवस माझा नवरा कुत्र्याचा वाटा बाजूला काढत होता आणि मी तो त्याच्याच तोंडात कोंबत होते. नर्सने ह्यांचा हात पुसला. मी डोळे पुसत एकेक घास भरवला, आणि ताट रिकामं झालं. नळी घालावी लागली नाही.

त्या दीदी दर सोमवारी दुपारीच येतात, हे मला नंतर कळलं. एरवी त्या वेळी मी महाकालच्या लाइनीत असायची. कुणी ह्याला योगायोग म्हणेल, म्हणू दे, मी वाद घालत नाही. मी तुझं तू बघ म्हटलं होतं, त्याने बघितलं. इतकी वर्षं मी रांगेत उभी राहून काही ना काही मागत आले. त्या दिवशी रागाने का होईना, सगळं त्याच्यावर सोडलं आणि तो माझ्या दारी आला, तोही ज्याला मी उंबऱ्याबाहेर ठेवलं त्याच्या रूपाने. ह्या उपकाराचं मी काय बोलू?

आता हे घरी आहेत. संध्याकाळी खुर्ची फाटकाशी नेते, हे डाव्या हाताने पोळी घालतात. मागे एकदा कुत्रं येता येईना. मी म्हटलं, “अहो, गार होतंय, जेवून घ्या, मी घालीन त्याला नंतर,” आणि घास पुढे केला. ह्यांनी माझं मनगट धरलं. ओठ खूप वेळ हलत राहिले आणि मग आजारानंतरचा पहिला शब्द बाहेर आला, जड, पण स्वच्छ.

“आधी...”

पुढचं मला पाठ होतं. मी ताट झाकलं, फाटकाशी ह्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघं त्याची वाट बघत राहिलो.