भाकड म्हशीचं रक्त

टिटवाळ्याच्या हौसाबाई भोईर दिवसभर बोलतात, पण पोटातलं ओठावर येऊ देत नाहीत. त्याचा मला चांगलाच फटका बसला.

मी म्हशींच्या वारेवर, म्हणजे पोटातल्या गर्भाला पोसणाऱ्या अवयवावर, संशोधन करते. गाभण म्हशीची वार काही खास प्रथिनं रक्तात सोडते. त्यांची वीसच्या वर जनुकं एकाच मूळ जनुकापासून फुटली. "मूळ पुरुषाचा धंदा दुसरी प्रथिनं कापायचा," मी गोठ्यात बसून हौसाबाईंना सांगितलं, "पुढच्या बऱ्याच जणांनी तो सोडला. पण ठेवण तीच, दोन पाकळ्या आणि मधे खाच."

"म्हंजे आमचेसारखीच की! आज्यानं नांगर धरला, पोरगा यष्टीत गेला, नाक सगल्यांचा तोच."

पोरगा म्हणजे संदेश, एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक.

तुलनेसाठी मला गाभण नसलेल्या म्हशीचं रक्त हवं होतं. "हिचा घे, भाकड हाय," हौसाबाई म्हणाल्या. "संदेशनं गिऱ्हाईक बघितलाय, रविवारी नेतील." बोलताना त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी तिचं रक्त घेतलं आणि निघाले.

शनिवारी निकाल बघून माझं डोकंच फिरलं. भाकड म्हशीच्या रक्तात तीच प्रथिनं, तीही भरपूर! म्हणजे एक तर माझी वर्षभराची मेहनत पाण्यात, नाहीतर म्हातारी खोटं बोलली. चाचणी पुन्हा केली, तेच. तडक टिटवाळा गाठलं.

"आजी, म्हैस गाभण आहे!"

"हलू बोल गो!" त्यांनी माझं तोंडच दाबलं. "मना म्हाईत हाय. मागं दोन वेळा गावभर सांगितला, दोन्ही वेळा गाभडली, गाभ पडला. नजर लागते. पाचवा महिना लागेपर्यंत पोरालापन बोलायचा नाय, असा ठरवलेला."

"अहो, पण उद्या ती चाललीये!"

"म्हनून तर देवाला सांगितलाय, गिऱ्हाईक परतव." आणि त्यांना रडू फुटलं.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. हसावं की रडावं कळेना. मागे वळले तर दारात संदेश उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. आईला एका शब्दानं न विचारता त्यानं फोन लावला.

"शेठ, उद्या येऊ नका. म्हैस द्यायची नाय."

पलीकडून कारण विचारलं असावं. हौसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. संदेशनं आईकडे पाहिलं.

"काय नाय शेठ," तो म्हणाला, "आईला तिच्याबिगर करमत नाय."