सासूबाईंच्या दगडावरचं एकोणीस

माझ्या सासूबाई दुबईला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेच्या तळाशी एक वेगळं गाठोडं होतं. निळा पोशाख, काळे बंद बूट, जपमाळ. बायकोनं ते कपाटातल्या वरच्या फळीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "याला हात लावू नकोस. आईचे शेवटचे कपडे आहेत."

मला नवल वाटलं नाही. सत्तरच्या दशकात सरकारी शिष्यवृत्तीवर मी जहाजबांधणी शिकायला पोलंडला गेलो आणि तिथंच लग्न केलं. तिकडच्या म्हाताऱ्या बायका शवपेटीत घालायचे कपडे स्वतः निवडून, इस्त्री करून ठेवतात, हे मी बायकोच्या माहेरी पाहिलं होतं. गाव लुब्लिनच्या पूर्वेला, बटाट्याच्या शेतांमध्ये. सासरे ऐंशीच्या दशकात वारले. तेव्हा सासूबाईंनी तिथल्या रीतीनं दोघांचा मिळून एकच दगड करून घेतला. डावीकडे सासऱ्यांचं नाव, उजवीकडे स्वतःचं. नावाखाली जन्मसाल, मग आडवी रेघ, आणि रेघेपुढे १९. शेवटचे दोन आकडे नंतर कोरायचे. पाथरवट सगळ्याच विधवांच्या दगडांवर असं अर्धं साल आधीच घालून ठेवायचा. शतक संपायला तेव्हा बराच अवकाश होता. साठीच्या पुढची बाई ते ओलांडून जाईल असं त्याला वाटलं नाही. सासूबाईंनाही वाटलं नाही.

पण त्या जगल्या. एका हिवाळ्यात कोळसा आणायला अंगणात गेल्या आणि बर्फावर घसरून पडल्या. त्यांना उचलायला आली ती शेजारीण, वयानं त्यांच्याहून मोठी. दोघींनी एकमेकींना धरत घरात यायला सकाळ घालवली. गावात तरुण कुणी नव्हतंच. शाळा बंद पडली होती, मुलं वॉर्साला, जर्मनीला, कुठं कुठं गेली होती. बायको एकुलती एक. तिनं आईला दुबईत, करामा भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आणलं.

सासूबाई दिवसभर खिडकीशी बसत. खाली उडप्याचं हॉटेल, टेलरचं दुकान, बसस्टॉपवर ओव्हरऑल घातलेली माणसं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सिनू, या गावात म्हातारी माणसं कुठं ठेवतात?" सिनू म्हणजे बाळा. जावयालाही त्या तेच म्हणायच्या.

"इथं कुणी म्हातारं होत नाही, मामो," मी म्हणालो. मामो म्हणजे आई. "त्याआधी नोकरी संपते. नोकरी संपली की व्हिसा संपतो."

"मग मी इथं काय करतेय?"

चर्चमध्ये नेलं तरी त्यांच्या वयाचं कुणी दिसायचं नाही. माझ्या मुलीच्या वर्गातल्या पोरी आमच्या घरी यायच्या त्या केवळ जिवंत आजी बघायला आल्यासारख्या दारातून डोकावायच्या.

त्यांचं हृदय थकलं होतं. दवाखान्यातला मल्याळी डॉक्टर मला इंग्रजीत सगळं सांगायचा आणि मग त्यांच्याकडे वळून, त्यांना कळत नसलं तरी, हिंदीत म्हणायचा, "माताजी, पानी कम. बहुत कम." ज्या शहरात जो तो दुसऱ्याला पाणी पी म्हणून बजावतो, तिथं बायको आईला पेल्याच्या निम्म्यावर रेघ मारून पाणी द्यायची. तरी पाय सुजतच गेले.

दोन हजार सालच्या पहिल्या सकाळी मुलीनं टेबलापाशी येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले. "हॅपी न्यू मिलेनियम, बाबचा!" बाबचा म्हणजे आजी. सासूबाईंनी तिला थोपटलं, पण चेहरा उतरलेला. बायकोनं विचारलं, काय झालं.

"माझा दगड चुकला," त्या म्हणाल्या.

आधी आम्हाला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्याच दिवशी त्यांनी गावाला फोन लावायला लावला. शेजारणीनं सांगितलं की पाथरवट आहे अजून, पण त्याला नीट दिसत नाही. मुलगा जर्मनीत फरशा बसवतो, तो काही परत यायचा नाही. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला घेऊन चल. मी आहे तोवर, तो आहे तोवर, ते नीट करून घेते. आणि मला तिथंच राहू दे. तुझ्या वडिलांच्या शेजारची जागा माझी आहे. इथल्या वाळूत मला ठेवू नका."

"उन्हाळ्यात जाऊ, आई. डॉक्टर आता विमानात बसू देत नाहीत," बायको म्हणाली.

"इन्शाल्ला म्हण," सासूबाई म्हणाल्या. "इथं तेच म्हणतात ना, करायचं नसलं की?"

तो उन्हाळा गेला. छातीत पाणी भरलं आणि त्या इस्पितळात राहिल्या. त्यानंतरच्या थंडीत माझी आई चिपळूणहून महिनाभर आली. दोन विहिणी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून लसूण सोलायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी पोलिशमध्ये, आणि मी घरात असलो की मधला दुभाषी. आईनं एकदा वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना. "बघ, किती आत गेलं बोट," ती मला म्हणाली, आणि मग रोज संध्याकाळी ते पाय उशीवर उचलून ठेवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.

सासूबाईंनी एक दिवस गाठोड्यातले काळे बूट मागितले. पाय आत जाईना. करामातल्या चांभाराकडून ते साच्यावर ताणून आणले, तरी जाईना. त्या रडकुंडीला आल्या.

आई म्हणाली, "अहो विहीणबाई, पेटीत पाय झाकलेलेच असणार ना? बूट हवेत कशाला?"

मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "देवासमोर अनवाणी जाऊ?"

"आम्ही तर देवाच्या दारात चपला बाहेरच काढतो," आई म्हणाली.

सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. मग त्यांनी मला दगडाचं सगळं आईला सांगायला लावलं. आईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "जिवंतपणी नाव कोरायचं? कसलं बाई अभद्र!"

"तिला विचार," सासूबाई म्हणाल्या, "तिच्या घरात तिच्यासाठी काहीच ठेवलेलं नाही?"

मी विचारलं. "देव्हाऱ्यात गंगेची लोटी आहे," आई म्हणाली. "डाग देऊन तोंड बंद केलेली. काशीहून दोन आणल्या होत्या. एक तुझ्या वडिलांच्या वेळी फोडली."

मी ते पोलिशमध्ये सांगितल्यावर सासूबाईंनी मान डोलावली. "तिचं बरं आहे. लोटीवर साल नसतं."

पुढच्या जुलैची तिकिटं आम्ही खरोखरच काढली होती. डॉक्टरानं नाखुशीनं हो म्हटलं होतं. जूनच्या अखेरीला बाहेर पाऊल टाकवत नव्हतं अशा उन्हात त्यांना पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं, आणि तिथून त्या आल्या नाहीत. शुद्ध होती तोवर त्यांनी बायकोला एवढंच विचारलं, "नेशील ना?" बायको हो म्हणाली. इन्शाल्ला म्हणाली नाही.

परदेशातून पार्थिव कसं पाठवतात हे मला माहीत नव्हतं. दुबईतच अल क्वोजमध्ये कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा असलेले गुहागरकडचे एक गृहस्थ ही कामं आपणहून करतात, असं महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी सांगितलं. ते दुपारीच आले. "साहेब, वहिनींना घरी बसू दे. तुम्ही फक्त पासपोर्ट घेऊन चला. यल्ला, निघू या." दोन दिवस ते माझ्याबरोबर कचेऱ्यांच्या या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडले, प्रत्येकाशी अरबी-हिंदीत गोड बोलले. विमानतळावर कार्गोच्या बाहेर शेडमध्ये उभे असताना त्यांनी पासपोर्ट उघडून सासूबाईंचा फोटो पाहिला, जन्मसाल पाहिलं.

"साहेब, आजवर मी पाठवली ती सगळी पोरं," ते म्हणाले. "कुणी साइटवरून पडलेलं, कुणी झोपेत गेलेलं. मागून आईबापांचा फोन यायचा. एवढं पिकलं माणूस पहिल्यांदाच पाठवतोय."

त्यांनी पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला.

"यांना घ्यायला कोण येणार तिकडे?"

"त्यांच्याच वयाचे लोक," मी म्हणालो.

तसंच झालं. विमानातून न्यायची पेटी आतून जस्तानं मढवलेली असते आणि नेहमीच्या पेटीहून फार जड होते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पेटी उचलायला काळे कोट घालून गावातले सहा पुरुष आले होते. एकानं काठी कुंपणाला टेकवून ठेवली होती. त्यांनी वाकून कड्या धरल्या, जोर केला, आणि पेटी जागची हलली नाही. कुणी कुणाकडे बघेना. चाकांची गाडी आणली तर तिची चाकं दफनभूमीच्या भुसभुशीत वाटेत रुतली. मग मी पुढं होऊन खांदा दिला. दुसऱ्या बाजूला बायको आली. तिकडे बायका पेटी उचलत नाहीत, पण पाद्री काही म्हणाला नाही. त्याला त्या दिवशी आणखी दोन गावांतली दफनं करायची होती. आम्ही दोघं पुढं, ते सहा जण मागं, थांबत थांबत गेलो. आत सासूबाईंच्या पायात लोकरीचे मोजे होते. बूट बायकोनं पायांपाशी ठेवले होते.

माती लोटून झाल्यावर जमलेल्या बायका लगेच घरी गेल्या नाहीत. एकेक जण आपापल्या नवऱ्याच्या दगडाकडे गेली आणि जवळच्या रुमालानं तो पुसू लागली. तेव्हा मी पाहिलं. ओळीनं कितीतरी दगडांवर उजवीकडे नाव होतं, जन्मसाल होतं, रेघ होती, १९ होतं, आणि ते नाव ज्यांचं त्या शेजारी उभ्या होत्या.

पाथरवट दुसऱ्या दिवशी आला. दगडाच्या भुकटीत सिमेंट कालवून त्यानं १९ बुजवलं आणि बोटांनी चाचपत त्यावर नवीन साल कोरलं. "मला वाटलं नव्हतं," तो बायकोला म्हणाला. "एकीचंही वाटलं नव्हतं." आकडे वाकडे आले. पण नवऱ्याच्या शेजारी, आपल्या जागेवर, पूर्ण साल घेऊन त्या निजल्या. बायको त्या रात्री खूप दिवसांनी झोपली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. बर्फानं सिमेंट सुटलं होतं. २० च्या आतून १९ वर आलं होतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळून काहीच वाचता येत नव्हतं. पाथरवट मार्चमध्ये वारला होता. फोनवर शेजारणीनं हे आधी सांगितलं होतं, म्हणून मी अल क्वोजच्या त्या गृहस्थांच्या गोदामातून फरशांच्या सांध्यात भरायच्या पांढऱ्या लुकणाचा एक डबा आणि एक छिन्नी बॅगेत घालून आणली होती. जहाजाच्या पत्र्यावर आयुष्य काढलेला माणूस मी, दगडावर हात बसेना. सकाळपासून दुपारपर्यंत बायको डबा धरून बसली आणि मी भरत, पुसत, कोरत राहिलो. शेवटी साल उमटलं.

उठलो तर मागं शेजारीण उभी. अंगणातल्या बर्फातून सासूबाईंना उचलणारी तीच. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"संपला का डबा?" तिनं विचारलं.

"नाही. आहे अजून."

"मग इकडे ये," ती म्हणाली, आणि माझ्या दंडाला धरून तिसऱ्या ओळीतल्या तिच्या दगडाशी घेऊन गेली. तिनं रुमालानं ते १९ पुसून दिलं. मी गुडघे टेकले आणि ते बुजवलं. पुढं काय कोरू, असं मी विचारलं नाही. तिनं लुकण सुकेपर्यंत त्यावर माशी बसू नये म्हणून हातानं वारा घातला.